डेम्पस्टर महामार्ग : हरवलेली गस्त, गोठलेली जमीन आणि मोटारसायकलची टाकी



आजचा विषय थोडा लांबचा आहे. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथल्या डॉसन सिटी या गावाजवळून एक खडीचा रस्ता निघतो, आर्क्टिक वृत्त ओलांडतो आणि उत्तरेला इनुविक या गावापर्यंत जातो. लांबी सुमारे ७४० किलोमीटर. नाव डेम्पस्टर महामार्ग. नोव्हेंबर २०१७ पासून तो इनुविकच्याही पुढे साधारण १३८ किलोमीटर, थेट आर्क्टिक महासागराच्या काठावरच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत पोहोचला आहे. उन्हाळ्यात जगभरातले मोटारसायकलस्वार हा रस्ता करायला येतात. येण्यापूर्वी महिनोन्‌महिने तयारी करतात. पेट्रोल किती न्यायचं, टायर कोणते, नद्या कधी ओलांडता येतील, मध्येच गाडी बंद पडली तर मदत कुठून येणार, असे सगळे प्रश्न.

आपण आज या तयारीकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. या रस्त्यावर जाण्याआधी जी काळजी घ्यावी लागते, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे कुणाची तरी फसलेली किंवा अर्धी राहिलेली योजना आहे. रस्त्याचं नावसुद्धा अशाच एका योजनेतून आलं. डेम्पस्टर हा रस्ता बांधणारा इंजिनिअर नव्हता किंवा मंत्रीही नव्हता. तो पोलीस होता आणि हरवलेल्या चार माणसांना शोधायला निघाला होता.

आधी अंतराचा अंदाज येऊ द्या. आपल्यापैकी जे मनालीहून लेहला बाईकवर गेले असतील, त्यांना तांदीचा पेट्रोल पंप आठवत असेल. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारा तिथला फलक वर्षानुवर्षे लोकांच्या फोटोंत दिसत आला आहे. डेम्पस्टर रस्त्यावर सुरुवातीच्या फाट्यापासून ईगल प्लेन्स या पहिल्या हक्काच्या मुक्कामापर्यंतचं अंतर ३६९ किलोमीटर आहे. म्हणजे आकडा आपल्या ओळखीचाच. फरक मधल्या जागेत आहे. लेहच्या वाटेवर जिस्पा आहे, सरचू आहे, पांग आहे. तंबूत चहा आणि मॅगी मिळते, लष्कराचे ट्रक जात-येत असतात. डेम्पस्टरच्या त्या ३६९ किलोमीटरमध्ये एकही गाव नाही. सुरुवातीला एका उद्यानाचं माहिती केंद्र, मग तंबू ठोकायच्या एकदोन जागा, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांचा तळ, बस्स. मोबाईलला रेंज नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

१८९६ मध्ये क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं तिकडे धावली. डॉसन हे त्या गर्दीतून उभं राहिलेलं गाव. लोक आले तसे पोलीस आले. त्यांचं नाव पुढे रॉयल नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस असं झालं. उत्तरेच्या समुद्रात तेव्हा अमेरिकन देवमाशांचे शिकारी हर्शेल बेटापाशी हिवाळा काढत असत. तिथे कॅनडाचा कायदा चालतो हे दाखवायला १९०३ मध्ये पोलिसांनी हर्शेल बेटावर आणि फोर्ट मॅकफर्सनला चौक्या घातल्या. फोर्ट मॅकफर्सन हे पील नदीकाठचं ग्विचिन लोकांचं ठाणं. ग्विचिन म्हणजे या भागात पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबूंच्या मागे फिरत जगणारा मूळनिवासी समाज.

दोन ठिकाणी चौक्या झाल्या की मध्ये टपाल हवं, अहवाल हवेत. म्हणून १९०४-०५ च्या हिवाळ्यापासून डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामध्ये दरवर्षी एक गस्त जाऊ लागली. कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्या, म्हणजे स्लेज, आणि सुमारे ७६५ किलोमीटरची वाट. वाट म्हणजे आखलेला रस्ता नव्हे. गोठलेल्या नद्यांच्या पात्रातून चालायचं, ठरावीक ओढ्याशी वळायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या नदीत उतरायचं. सगळं कौशल्य एकाच गोष्टीत, नेमका कोणता ओढा ते ओळखण्यात. आणि बर्फाखाली सगळे ओढे सारखेच दिसतात.

ही ओळख ग्विचिन लोकांकडे होती. सुरुवातीच्या गस्ती त्यांच्या वाटाड्यांच्या भरवशावर पार पडल्या.

१९१० साली गस्तीची दिशा उलटी ठरली. नेहमी डॉसनहून निघणारी गस्त या वेळी फोर्ट मॅकफर्सनहून निघणार होती. प्रमुख होता इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झगेराल्ड. बोअर युद्धात जाऊन आलेला आणि १९०३ च्या त्या चौक्या ज्याने उभ्या केल्या तोच हा अनुभवी अधिकारी. नवशिका असता तर आपण हा विषय दोन वाक्यांत संपवला असता. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जाणाऱ्या तुकडीत त्याची निवड झालेली होती, म्हणजे डॉसनला वेळेत पोहोचणं भाग होतं. त्यात वाट लवकर कापून जुना विक्रम मोडावा, हाही विचार त्याच्या मनात असावा असं या घटनेवर लिहिणारे बरेच जण मानतात.

२१ डिसेंबर १९१० रोजी चौघे निघाले. फिट्झगेराल्ड, किनी आणि टेलर हे दोन शिपाई आणि वाटाड्या म्हणून कार्टर नावाचा माजी शिपाई. पंधरा कुत्री, तीन स्लेज आणि सुमारे तीस दिवसांचं खाणं. वजन कमी असावं म्हणून शिधा नेहमीपेक्षा कमी घेतला होता. कार्टर ही वाट आधी एकदाच चालला होता, तेही चार वर्षांपूर्वी आणि उलट दिशेने.

आपण घाटात अनोळखी पायवाटेने उतरतो आणि परत येताना त्याच वाटेने चढायला लागतो, तेव्हा काय होतं ते आठवा. उतरताना डावीकडे दिसलेली खूण चढताना पाठीमागे राहते, दिसतच नाही. फाटा वेगळा वाटतो. कार्टरच्या बाबतीत हेच होणार होतं, आणि तेही पांढऱ्या बर्फात, हिवाळ्यातल्या दोन-चार तासांच्या अंधुक उजेडात.

वाटेत त्यांना ग्विचिन लोकांचा तळ भेटला. तिथल्या ईसॉ जॉर्ज नावाच्या माणसाला त्यांनी थोड्या दिवसांसाठी वाट दाखवायला घेतलं. १ जानेवारी १९११ रोजी त्याचे पैसे चुकते केले आणि त्याला परत पाठवलं. पुढची वाट कार्टरला माहीत आहे असं धरलं होतं.

१२ जानेवारीच्या सुमारास कार्टरला हवा तो ओढा सापडेना. मग जवळजवळ आठवडाभर ते एकामागून एक ओढे तपासत राहिले. थंडी काही दिवस उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेली होती. १८ जानेवारीला ते मागे फिरले. तेव्हा हाताशी जेमतेम साडेचार किलो पीठ, थोडं बेकन आणि थोडी सुकी मासळी उरली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी एकेक करून आपली कुत्री मारून खाल्ली. फिट्झगेराल्डच्या डायरीतली शेवटची नोंद ५ फेब्रुवारीची आहे. पुढे किनी आणि टेलर यांना चालवेना, तेव्हा त्यांना मागे ठेवून फिट्झगेराल्ड आणि कार्टर मदत आणायला पुढे गेले. चौघेही मेले. फिट्झगेराल्ड आणि कार्टर यांचे मृतदेह सापडले ते फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे ४० किलोमीटरवर. मरण्यापूर्वी फिट्झगेराल्डने कागदाच्या तुकड्यावर, जळक्या काटकीच्या कोळशाने आपलं मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं.

इकडे डॉसनला लोक गस्तीची वाट बघत होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उत्तरेकडून काही ग्विचिन माणसं तिथे पोहोचली. त्यांच्याकडून कळलं की गस्तीने वाटाड्याला नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. तेव्हा धोका लक्षात आला. २८ फेब्रुवारीला कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टर शोधाला निघाला. त्याच्या सोबत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांना चारही मृतदेह सापडले. ही गस्त इतिहासात 'हरवलेली गस्त' म्हणून ओळखली जाते. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चच्या आवारात आहेत.

आता आपण जरा तारखांचा हिशोब मांडू, कारण योजनेत नेमकं कुठे बिघडलं ते तारखांतच दिसतं.

निघाले २१ डिसेंबरला, शिधा तीस दिवसांचा. म्हणजे निम्मा शिधा संपण्याचा दिवस येतो ४ जानेवारीच्या आसपास. या दिवसापर्यंत मागे फिरलं तर गेल्या वेगाने परत पोहोचता येतं. त्यानंतर नाही. त्यानंतर पुढे जाणं हाच एक मार्ग उरतो. ईसॉ जॉर्जला परत पाठवलं १ जानेवारीला. म्हणजे परतीची रेषा ओलांडायच्या तीनच दिवस आधी वाट माहीत असलेला माणूस घरी पाठवला. रस्ता चुकल्याचं कळलं १२ जानेवारीला, तेव्हा ती रेषा आठवडाभर मागे पडली होती. आणि परतायचं ठरलं १८ जानेवारीला, एकोणतिसाव्या दिवशी.

फिट्झगेराल्डला धाडस कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही. थंडी, कुत्री, स्लेज यांची माहितीही त्याला होती. त्याच्या योजनेत दोन गोष्टी नव्हत्या. एक, फाजील वाटेल असा शिल्लक शिधा. दुसरी, वाट खरोखर माहीत असलेला माणूस. आणि दोन्ही गोष्टी त्याने वजन आणि खर्च म्हणून कापल्या होत्या. पोलिसांनी हा धडा लगेच घेतला. पुढच्या गस्तींसाठी वाटेवर खुणा करण्यात आल्या, मध्ये झोपड्या आणि शिध्याचे साठे ठेवले गेले आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जायचं नाही असं ठरलं. डेम्पस्टरने स्वतः ही वाट पुढे बरीच वर्षं केली.

इथून आपण एकदम पन्नास वर्षं पुढे येऊ. कारण पुढची योजना सरकारची आहे.

१९५८ साली कॅनडाचे पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांनी उत्तरेच्या विकासाचं मोठं स्वप्न निवडणुकीत मांडलं. खनिजांपर्यंत, तेलापर्यंत रस्ते न्यायचे, अशी ती कल्पना. विरोधकांनी टर उडवली की हे रस्ते एका इग्लूपासून दुसऱ्या इग्लूपर्यंत जाणार. पण मॅकेन्झी नदीच्या मुखाशी तेल-वायूचा शोध सुरू होता, इनुविक हे नवं गाव सरकार उभारत होतं, आणि युकॉनच्या ईगल प्लेन भागात तेलासाठी खोदाई होत होती. १९५९ मध्ये डॉसनच्या बाजूने रस्त्याचं काम सुरू झालं. वाट शोधायला मदत कुणाची घेतली? जो हेन्री या स्थानिक शिकाऱ्याची. तो मूळनिवासी समाजातला, याच डोंगरांत वाढलेला माणूस. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा निदान इथे कामाला आला.

पण काम रखडलं. १९६१ मध्ये साधारण ११५ किलोमीटर रस्ता झाल्यावर पैसा आटला आणि रस्ता तिथेच थांबला. १९६८ मध्ये शेजारच्या अलास्कात प्रुडो बे इथे तेलाचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा ओटावाला पुन्हा जाग आली. आपल्या उत्तरेत अमेरिका पुढे जाईल ही धास्ती होतीच. काम पुन्हा सुरू झालं. ओगिल्व्ही आणि ईगल या नद्यांवरचे पूल लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधले. ऑगस्ट १९७९ मध्ये रस्ता औपचारिकरीत्या खुला झाला. घोषणेपासून एकवीस वर्षांनी.

एवढा उशीर का? राजकारण आणि पैसा हे एक कारण. दुसरं कारण पायाखाली होतं.

या भागातली जमीन कायम गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो. आपल्याकडे रस्ता करताना काय करतात? वरची माती, झाडोरा काढतात, खोदतात, घट्ट जमीन लागली की भराव घालतात. इथे तसं केलं तर वरचं शेवाळ आणि गवत गेल्यामुळे ऊन खाली पोहोचतं, मातीतला बर्फ वितळतो आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून उलट करावं लागतं. वरच्या थराला हातच लावायचा नाही. त्याच्यावर खडीचा जाड थर टाकायचा, कुठे सव्वा मीटर, कुठे जवळजवळ अडीच मीटर. ही खडी म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी, फक्त ऊब आत ठेवण्याऐवजी थंडी आत ठेवणारी. डांबर काळं असतं, ऊन ओढतं, आणि खालची जमीन हलली की फुटतं. म्हणून आजही हा रस्ता खडीचाच आहे.

मोटारसायकलस्वाराला हे का माहीत असावं? कारण त्याच्या टायरखाली जे काही असतं ते याच निर्णयातून आलेलं आहे. रस्ता शेजारच्या जमिनीपेक्षा उंच आहे, म्हणजे बंधाऱ्यावरून चालवल्यासारखं. कडा भुसभुशीत असतात, समोरून ट्रक आला म्हणून फार बाजूला घेतलं तर चाक रुततं आणि गाडी उतारावर जाते. काही पट्ट्यांतली खडी धारदार पाटीच्या दगडाची आहे, ती टायर कापते. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराईड टाकतात. कोरड्यात रस्ता सिमेंटसारखा होतो, पण पाऊस पडला की त्याचाच साबण होतो. म्हणून पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, एखादी जास्तीची ट्यूब बरोबर लागते. आणि पावसाचा एक दिवस तंबूत बसून काढायची तयारी लागते. तो दिवस आधीच हिशोबात धरलेला असला म्हणजे माणूस घाई करत नाही.

आता पेट्रोल. डॉसनपासून फाटा ४० किलोमीटर आणि फाट्यापासून ईगल प्लेन्स ३६९. डॉसनलाच टाकी भरली असं धरलं तर ४०९ किलोमीटर. समजा आपली गाडी डांबरी रस्त्यावर लिटरला २५-२८ किलोमीटर देते. सामानाचं ओझं, सैल खडी, समोरून वारा, खालच्या गिअरमध्ये चालवणं, हे सगळं धरून २० चाच हिशोब करा. साडेवीस लिटर लागतील. त्यावर पाव हिस्सा शिल्लक धरा, म्हणजे पंचवीस-साडेपंचवीस लिटर. टाकी पंधरा लिटरची असेल तर दहा-अकरा लिटर कॅनमध्ये घ्यावं लागेल. वजन वाढतं, मान्य. पण हा वरचा पाव हिस्सा म्हणजे फिट्झगेराल्डने मागे ठेवलेला शिधा आहे. काहीच बिघडलं नाही तर तो फुकट वाहून नेला असं वाटतं.

आणि परतीची रेषाही आधीच आखून ठेवायची. फाट्यापासून साधारण १८० किलोमीटरवर, म्हणजे ओगिल्व्ही नदीच्या जवळ पोहोचताना थांबायचं आणि बघायचं. आतापर्यंत ठरवल्यापेक्षा जास्त पेट्रोल गेलं का? गाडीचा आवाज बदलला का? पाऊस लागलाय का? आपण थकलो आहोत का? यापैकी दोन गोष्टींचं उत्तर हो असेल तर तिथूनच मागे फिरायचं. हा निर्णय घरी, टेबलाशी बसून कागदावर लिहून ठेवावा. रस्त्यावर माणूस नेहमी म्हणतो, अजून थोडं पुढे जाऊन बघू. ते चौघेही आठवडाभर हेच म्हणत होते.

ईगल प्लेन्सचा मुक्कामही इतिहासाने ठरवलेला आहे. रस्ता खुला होण्याच्या सुमारास इथे हॉटेल उभं राहिलं. जागा निवडली ती खडक वर आलेली आहे म्हणून. पर्माफ्रॉस्टवर इमारत उभी करायची तर खोल खांब ठोकावे लागतात, खडकावर ती अडचण नाही. म्हणून या रस्त्यावर पेट्रोल कुठे मिळेल हे ठरवण्यात भूगर्भाचाही वाटा आहे. त्याच्या पुढे ३६ किलोमीटरवर आर्क्टिक वृत्त, मग ४६५ व्या किलोमीटरला युकॉनची हद्द संपते आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होते. फोर्ट मॅकफर्सन ५५० व्या किलोमीटरला.

त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन मोठ्या नद्या आहेत, आधी पील, नंतर मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरी बोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फाचा रस्ता. मधल्या दोन काळात, म्हणजे वसंतात बर्फ फुटताना आणि शरदात बर्फ धरताना, काही आठवडे काहीच नाही. त्या काळात पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. भर उन्हाळ्यातही पाणी चढलं, लाकडांचे ओंडके वाहून आले की पीलवरची बोट थांबते. म्हणजे आपल्या वेळापत्रकात जून ते सप्टेंबर एवढाच काळ धरायचा, आणि त्यातही प्रत्येक बाजूला दोन-तीन दिवस रिकामे ठेवायचे. परतीच्या विमानाचं तिकीट रस्ता संपण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढणं म्हणजे लंडनची घाई बरोबर घेऊन निघणं.

आता शेवटचा मुद्दा, माणसांचा.

आज वाटाड्या लागत नाही, रस्ता समोर दिसतो, असं कुणालाही वाटेल. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र खिशात असतं. ते जरूर घ्यावं. पण ते यंत्र आपण कुठे आहोत एवढंच दुसऱ्याला सांगतं. पुढचा पट्टा कालच्या पावसाने कसा झालाय, बोट चालू आहे का, वणव्यामुळे रस्ता कुठे अडवलाय, कुठल्या ओढ्याशी काल अस्वल दिसलं, हे त्या रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांना माहीत असतं. रस्ता सपाट करणारे ग्रेडरवाले, ट्रकचालक, बोट चालवणारे, फोर्ट मॅकफर्सन आणि त्सीगेचिकचे ग्विचिन लोक. प्रत्येक थांब्यावर त्यांना विचारायचं आणि उत्तर आपल्या योजनेच्या विरुद्ध गेलं तर योजना बदलायची. दुसरा भाग अवघड आहे. विचारणं सगळेच करतात.

आणि विचारताना एवढं लक्षात असू द्या की आपण कुणाच्या तरी घरातून जात असतो. 'निर्जन' हा शब्द बाहेरून आलेल्यांचा आहे. कॅरिबूंचे कळप या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करतात आणि ग्विचिन घरांची चूल अजूनही त्यांच्यावर चालते. १९७० च्या दशकात या भागातून गॅसची पाइपलाइन नेण्याचा बेत होता. न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांचा चौकशी आयोग गावोगाव गेला, लोकांच्या वस्तीत बसून त्यांचं ऐकलं. १९७७ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की उत्तर युकॉनमधून पाइपलाइन नेऊच नये आणि मॅकेन्झी खोऱ्यातली दहा वर्षं पुढे ढकलावी. पुढे १९८४ मध्ये समुद्रकाठच्या इनुविआलुइट लोकांशी आणि १९९२ मध्ये ग्विचिन लोकांशी जमिनीच्या हक्कांचे करार झाले. ज्या समाजाच्या माणसाला १९११ मध्ये पैसे देऊन वाटेतून परत पाठवलं, त्याला विचारल्याशिवाय आता त्या भागात मोठी योजना होत नाही. हा बदल व्हायला ऐंशी वर्षं लागली.

२०१७ चा टुक्टोयाक्टुकपर्यंतचा रस्ता बांधताना हे दोन्ही धडे वापरलेले दिसतात. त्या गावाची रस्त्याची मागणी जुनी होती. काम बहुतेक हिवाळ्यात केलं, जमीन गोठलेली असताना, आधी कापडासारखा थर अंथरून त्याच्यावर खडी टाकली, कुठेही खोदलं नाही. तरीही आज तो पट्टा आणि जुना डेम्पस्टर, दोन्हींवर एक नवीन संकट आहे. उत्तरेचं हवामान तापतंय, पर्माफ्रॉस्ट वितळतोय, रस्ता जागोजागी खचतोय. टुक्टोयाक्टुकचा किनाराच समुद्र खातोय, काही घरं मागे हलवावी लागली आहेत. म्हणजे पाच वर्षांपूर्वी कुणी करून आलेल्या प्रवासाची माहिती आजच्या रस्त्याला लागू पडेलच असं नाही. कार्टरचीही वाटेची माहिती चार वर्षांपूर्वीची होती.

तर मंडळी, अशा प्रवासाची यादी करायला बसाल तेव्हा सामानाच्या यादीबरोबर एक दुसरा कागद घ्या. त्यावर चारच ओळी लिहा. शिल्लक किती ठेवली आहे. मागे फिरायची जागा कोणती. घाई कशाची आहे आणि ती सोडता येते का. आणि ही वाट आज, याच दिशेने, कुणाला माहीत आहे. हा कागद लडाखलाही चालतो, स्पितीलाही चालतो. फिट्झगेराल्डकडे सामानाची यादी चांगली होती. हा दुसरा कागद त्याच्याकडे नव्हता.

रस्त्याला शोधणाऱ्याचं नाव मिळालं, ते योग्यच झालं. पण डेम्पस्टरचं नाव घेताना ईसॉ जॉर्ज, चार्ली स्टुअर्ट आणि जो हेन्री ही तीन नावंही आपण लक्षात ठेवू. ते फलकांवर फारसे दिसत नाहीत. आता आपण प्रश्नांकडे वळू.